ग्रंथालयाच्या किल्ल्या आणि संगीताची खुर्ची

वाचकांचे प्रश्न, निवृत्त ग्रंथपाल बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी यंदा बी.ए. झाली. पेटी बरी वाजवते, गळा मात्र बेताचाच. तिला आता संगीतशास्त्रात एम.ए. आणि पुढं पीएच.डी. करायचीय. आमचे थोरले बंधू म्हणतात, गाता येत नाही तर ही संगीताची प्राध्यापक कशी होणार? त्यावर ती म्हणाली, अमेरिकेत या विषयाचा पहिला प्राध्यापक ग्रंथपाल होता. घरात सगळे हसले. हे खरं आहे का? तो माणूस कोण, आणि ग्रंथपालाला संगीताचा प्राध्यापक केला कुणी?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : खरं आहे की! हसणाऱ्यांना चहा पाजा आणि हा अंक वाचायला द्या.

त्यांचं नाव ओटो किंकेल्डी. १९३० साली कॉर्नेल विद्यापीठानं त्यांना एकाच वेळी दोन कामं दिली. एक, विद्यापीठाचा ग्रंथपाल. दुसरं, संगीतशास्त्राचा प्राध्यापक. अमेरिकेतल्या विद्यापीठांत या नावाचं प्राध्यापकपद त्याआधी नव्हतं. मी स्वतः तीस वर्षं ग्रंथालयाच्या किल्ल्या कमरेला लावून काढली आहेत, त्यामुळे या उत्तरात थोडा पक्षपात होणार. तो धरून चाला.

आधी एक घोळ मिटवते. 'संगीताचा प्राध्यापक' अमेरिकेत बराच आधी होता. हार्वर्डनं जॉन नोल्स पेन यांना १८७५ सालीच ते पद दिलं. पण पेन स्वतः रचनाकार आणि ऑर्गनवादक. वाजवणारा मास्तर झाला, यात तुमच्या थोरल्या बंधूंनाही काही खटकणार नाही. किंकेल्डींचं काम निराळं होतं. संगीत कसं करावं हे त्यांनी शिकवायचं नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी लोक ते कसं करत होते, कशावर लिहून ठेवत होते, आणि हे सगळं आपण आज कशावरून म्हणतो, हे शिकवायचं होतं. या 'कशावरून'साठी पगार देणारी खुर्ची ती पहिली.

जन्म न्यूयॉर्कचा, २७ नोव्हेंबर १८७८. तिथल्याच सिटी कॉलेजातून १८९८ मध्ये पदवी, न्यूयॉर्क विद्यापीठातून १९०० मध्ये एम.ए. मग कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड मॅकडॉवेल या त्या काळच्या नावाजलेल्या संगीतकाराच्या हाताखाली दोन वर्षं. म्हणजे वाद्याला हात न लावलेला माणूस नव्हे हा. तुमच्या मुलीनंही पेटी सोडू नये. १९०२ साली ते बर्लिनला गेले. कारण साधं होतं. या विषयाला अमेरिकेत खातं नव्हतं आणि जर्मन विद्यापीठांत ते रुजलेलं होतं. व्हिएन्नाच्या ग्विडो आडलर यांनी १८८५ मध्येच विषयाची हद्द आखून, आत काय यायचं आणि बाहेर काय ठेवायचं याचा तक्ता मांडला होता. बर्लिनमध्ये किंकेल्डींना १९०९ साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचं पुस्तक १९१० मध्ये लाइपझिगला छापलं गेलं, जर्मनमध्ये. विषय : सोळाव्या शतकातल्या संगीतातलं ऑर्गन आणि पट्ट्यांची इतर वाद्यं.

आता हा विषय ऐकून जांभई येईल. पण तुमचा कारखाना आहे, तुम्हाला लगेच कळेल असं काही सांगते.

माझे वडील इथल्या एका गिरणीत जेकार्डचे ग्राफ काढायचे. चादरीवर मोर हवा असेल तर आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर तो घरं रंगवून उतरवायचा. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं शिवून त्यांची माळ मागावर चढवायची. जिथं भोक तिथं हूक उचलणार, हूक उचलला की ताण्याचा धागा वर, आणि खालून धोटा पळणार. कार्डाला मोर माहीत नसतो. कुठला धागा उचलायचा एवढंच त्याला माहीत. आम्ही पोरं ती माळ हातात घेऊन बघायचो, आम्हाला नुसती भोकं दिसायची. वडिलांना मोर दिसायचा. एकदा तर त्यांनी माळ उन्हात धरून सांगितलं होतं, 'ह्याची मान वाकडी विणली जाणार, सातव्या कार्डात चूक आहे.'

सोळाव्या शतकात युरोपातले वादक असंच लिहायचे. ल्यूट नावाच्या तंतुवाद्यासाठी कागदावर रेघा असत. त्या रेघा म्हणजे स्वर नव्हेत, तारा. रेघेवर आकडा किंवा अक्षर, म्हणजे त्या तारेवर कितव्या पडद्याशी बोट ठेवायचं ते. बोट कुठं हे लिहिलंय. काय ऐकू येईल हे लिहिलेलं नाही. जुन्या जर्मन ऑर्गनवाल्यांनी तर खिचडीच केली होती. वरची चाल रेघांवर ठिपक्यांनी आणि खालच्या सगळ्या अक्षरांनी. स्पेनमध्ये आकडे. अशी पानं आज समोर आली, तर वाद्य कसं लावलं होतं, कुठल्या गावची पद्धत, अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेचा अर्थ काय, हे कळल्याशिवाय त्यातून सूर निघत नाही. किंकेल्डींनी ही कार्डं उन्हात धरून मोर ओळखायचं काम केलं. लॅटिन, स्पॅनिश, इटालियन, जर्मन पोथ्या वाचून. गळा त्यात कुठं लागला असेल, तर लायब्ररीतल्या शिपायाला हाक मारण्यापुरता.

ब्रेस्लाउला (आता ते पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शिकवत असताना १९१४ चं महायुद्ध सुरू झालं आणि ते मायदेशी परतले. इथून पुढची त्यांची वाटचाल मला फार आवडते, कारण ती धोट्यासारखी आहे, इकडून तिकडे. १९१५ पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगीत विभागाचे प्रमुख. १९२३ मध्ये कॉर्नेलला संगीत विभागाचे प्राध्यापक. १९२७ मध्ये पुन्हा ग्रंथालयात. १९३० मध्ये पुन्हा कॉर्नेल, आणि या खेपेला दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर.

ग्रंथपालालाच ही खुर्ची का? माझं मत सांगते. युरोपातल्या अभ्यासकाला पोथी बघायची तर गावातलं चर्च, राजाचा संग्रह, मठ, काहीतरी चालत जाण्याच्या अंतरावर होतं. अमेरिकेत ते नव्हतं. तिथं आधी पुस्तक विकत आणायचं, छायाप्रत मागवायची, तिची नोंद करायची, मग अभ्यास. ज्याला खरेदीची यादी करता येते त्यालाच विषय उभा करता येणार. किंकेल्डींच्या आधी वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात ऑस्कर सोनेक यांनी १९०२ पासून संगीत विभाग असाच रचला होता. तेही प्राध्यापक नव्हते, ग्रंथपाल. त्यामुळे 'ग्रंथपालाला प्राध्यापक केला' हे वाक्य मला उलटं वाचावंसं वाटतं. तिथं हा विषय ग्रंथालयातच वाढत होता, विद्यापीठाला तो उशिरा दिसला.

तारीख बघून एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. १९३० म्हणजे आपल्याकडे मार्शल लॉचं साल. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि पुढच्या जानेवारीत चार हुतात्म्यांना फाशी झाली. हुतात्मा चौकातून जाताना आपण ते साल वाचतो. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावरच्या एका विद्यापीठात, कुणीतरी चारशे वर्षांपूर्वीच्या नाचाच्या पोथ्यांसाठी कपाट लावत होता. (नाचाचं मी उगाच म्हणत नाही. पंधराव्या शतकातल्या गुल्येल्मो नावाच्या ज्यू नृत्यगुरूवर किंकेल्डींनी १९२९ मध्ये लेख लिहिला आहे.) दोन्हींची सांगड मी घालत नाही, घालताही येत नाही. पण साल एकच.

१९३४ मध्ये अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे तिथल्या संगीतशास्त्राच्या अभ्यासकांची संस्था, स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष किंकेल्डीच झाले. १९४० ते ४२ पुन्हा तेच. तुमच्या मुलीला मात्र याच्या आधीची एक गोष्ट जरूर सांगा. १९३० मध्ये न्यूयॉर्कला याच विषयाच्या एका छोट्या मंडळाची पहिली बैठक एका घरी भरली. रूथ क्रॉफर्ड ही फार वरच्या दर्जाची संगीतकार त्याच घरात होती, पण तिला बैठकीत घेतलं नाही. मंडळातल्या चार्ल्स सीगर यांनी पुढं कारण सांगितलं ते असं, की अमेरिकेत संगीत म्हणजे बायकांचा उद्योग समजत, आणि नव्या शास्त्रावर तो शिक्का बसू नये. गंमत बघा, पुढं याच सीगरांशी तिनं लग्न केलं. १९३४ च्या सोसायटीच्या नऊ संस्थापकांत मात्र हेलन रॉबर्ट्स ही एक बाई आहे. दाराबाहेर ते संस्थापक हा प्रवास चार वर्षांत, पण एकटीचाच. तेव्हा थोरले काका हसले म्हणून पोरीनं नाउमेद व्हायचं कारण नाही, यापेक्षा जाड दारं होती.

किंकेल्डी १९४६ मध्ये निवृत्त झाले, पण नंतरही वेगवेगळ्या विद्यापीठांत पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवत राहिले. १९६६ मध्ये वारले. सोसायटी १९६७ पासून त्यांच्या नावानं पुस्तकाला पुरस्कार देते. त्यांचं स्वतःचं मोठं पुस्तक मात्र ते १९१० चंच. बाकी लेख, भाषणं आणि दुसऱ्यांसाठी लावून ठेवलेली कपाटं. आजच्या नेमणूक समितीसमोर हा माणूस कितपत टिकला असता, मला शंका आहे.

आणि गाता येण्याचं म्हणाल, तर अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. भातखंडे शिक्षणानं वकील. मैफिलीचे गवई म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही; पण उस्तादांच्या दारात बसून, हिंडून त्यांनी चिजा मिळवल्या, लिहून घेतल्या, आणि शास्त्रावरचं आपलं मोठं लेखन मराठीत केलं. मुलीला सांगा, मोडी शिक. कन्नड ऐकून येत असेल तर ती लिपीही शिकून घे; आपल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत, आणि गड्ड्याच्या वेळी नंदीध्वजांपुढं काय काय वाजतं हे ऐकायला तिला बर्लिनचं तिकीट लागत नाही.

प्रश्न : संगीतशास्त्र की संगीतविद्या? नेमका शब्द कोणता?
— एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : 'शास्त्र' म्हटलं की आपल्या परीक्षार्थींना 'क्रियात्मक'च्या जोडीचा तो पेपर आठवतो, ज्यात थाट, जाती, वादी-संवादी पाठ करून लिहायचं असतं. म्हणून काहींना विद्या बरं वाटतं. इंग्रजीतही म्युझिकॉलॉजी हा शब्द सुखासुखी बसला नाही. वॉल्डो सेल्डन प्रॅट यांना १९१५ मध्ये त्याची बाजू मांडणारा अख्खा लेख लिहावा लागला होता. मी शास्त्रच म्हणते, सवयीनं.

प्रश्न : बाई, मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. परवा पेटी दुरुस्त करून, सूर लावून आणली. तरी तंबोऱ्यासोबत गंधार धरला की कडवट लागतो. कारागीर म्हणतो सूर बरोबर आहेत. पैसे देऊन बसलो. चूक कुणाची?
— एक पेटीवाले, दक्षिण कसबा

उत्तर : कारागिराची नाही. आणि तुमच्या कानाचीही नाही. आधी तंबोऱ्याकडं जाऊ. खर्जाची तार छेडली की त्यात न छेडलेला एक गंधार आपोआप बोलतो. आपण त्याला स्वयंभू म्हणतो. सप्तकाचे १२०० भाग केले (त्यांना सेंट म्हणतात, आडलरनी विषयाची आखणी केली त्याच १८८५ साली अलेक्झांडर एलिस यांनी हे माप रूढ केलं), तर हा गंधार षड्जापासून ३८६ वर पडतो. पेटीत बारा सुरांना सारखी वाटणी, प्रत्येकी १००. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० वर. चौदा भाग चढा. पंचम मात्र ७०२ ऐवजी ७००, म्हणून तो कानाला टोचत नाही. सगळं भांडण गंधाराशी आहे.

आता योगायोग बघा. वरच्या उत्तरातल्या किंकेल्डींच्या हाताखाली १९३२ मध्ये कॉर्नेलला पहिली पीएच.डी. झाली. अमेरिकेतली या विषयातली ती पहिलीच. मिळवणारे जे. मरी बार्बर, आणि प्रबंध याच सारख्या वाटणीचा इतिहास, १४८२ पासून १७३७ पर्यंत. अडीचशे वर्षांत कुणी वाद्य कसं लावलं, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. मात्र बार्बर यांचा एक हट्ट होता, तो मला खटकतो. प्रत्येक जुनी पद्धत सारख्या वाटणीपासून किती दूर, यावर ते तिची किंमत करत. तुमच्या तंबोऱ्याला पेटीपुढं उभं करून 'तू चौदा भाग चुकलास' म्हणण्यासारखं आहे हे. पुढच्या अभ्यासकांनीही त्यांना यावर टोकलं.

आणि त्यांच्या वीसेक वर्षं आधी हाच वाद आपल्या मुलखात पेटला होता! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स, आयसीएस साहेब. दोघांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक सुरांची, मापं मांडली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर ती ताडून बघितली आणि श्रुतींची वेगळी पेटीही करवून घेतली. भातखंड्यांना ते सगळं मान्य नव्हतं. मग १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदीच घातली, ती काही दशकं टिकली. तर तुमचा प्रश्न जुना आणि खानदानी आहे.

उपाय विचाराल, तर कारागिराला तुमच्या नेहमीच्या पट्टीतला गंधाराचा सूर थोडा उतरवायला सांगता येतो. पितळी जिभेच्या मुळाशी कानस लावली की सूर उतरतो, टोकाशी लावली की चढतो. पण विचार करा. आज सफेद एकवरून गाणारा बुवा उद्या काळी दोनची पट्टी मागेल, आणि तोच घासलेला सूर तेव्हा गंधार नसेल, दुसराच कुणीतरी असेल. माझ्या वडिलांनी घरच्या पेटीवर हा प्रयोग केला होता. ती पेटी पुढं फक्त त्यांच्याच पट्टीत गायची, म्हणून कुणी उसनी मागायला येत नसे. त्यांना ते सोयीचंच होतं. तुम्ही मात्र पेटी तशीच ठेवा आणि तंबोरा चालू असताना गंधारावर बोट रेंगाळू देऊ नका. मागे पंचम, पुढं गायकाचा गळा. मध्ये स्पर्श करून सुटा.

प्रश्न : माझ्या आजोबांची भजनांची वही सापडली आहे. अक्षरांखाली रेघा, वर टिंबं, मधे आकडे. शाई पुसट होतेय. लॅमिनेट करू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नका, कृपा करून नका. लॅमिनेशनच्या उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा अडकतो. चिकटपट्टीही लावू नका. दहा वर्षांनी तिचा पिवळा पट्टा राहतो आणि त्याखालची ओळ जाते. उन्हात वाळवू नका. आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानं आणि मुखपृष्ठासकट, क्रमानं. मग वही सुती कापडात, आडवी, कोरड्या कपाटात.

रेघा आणि टिंबांचं म्हणाल, तर बहुधा अक्षराखालची आडवी रेघ कोमल स्वराची, डोक्यावरचं टिंब तार सप्तकाचं, पायाखालचं मंद्राचं. पण शिकवणाऱ्याची परंपरा पलुस्करांची की भातखंड्यांची यावर खुणा बदलतात, आणि भजनी बुवा स्वतःच्या खुणा घुसवतात त्या वेगळ्याच. म्हणून वहीपेक्षा घाईचं एक काम आहे. आजोबांबरोबर बसणारं कुणी हयात असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडं जा. वही समोर ठेवा, फोन चालू ठेवा आणि म्हणायला लावा. कुठल्या पट्टीत गात, आकडा टाळ्यांचा की कडव्याचा, 'धृ' नंतर कुठं परतायचं, हे विचारा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी नोकरीत असताना अशा अकरा वह्या देणगीत आल्या होत्या. 'नंतर नोंद करू' म्हणून मी त्या जिन्याखालच्या खोलीत ठेवल्या. मी रजेवर असताना रंगकाम निघालं आणि खोली रिकामी करताना त्या रद्दीत गेल्या. रजेवर होते, हे कारण मी स्वतःला वीस वर्षं देते आहे. नोंद केली असती तर त्या कपाटात असत्या, हे खरं. एका वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव होतं आणि 'पेटी काळी एक' असं लिहिलं होतं. बाकी काही आठवत नाही.

बार्शीहून सोलापूर लांब नाही. वही आणणार असाल तर संपादकांकरवी कळवा. येताना सोबत एखादा पेटीवाला आणा. दक्षिण कसब्याचे आलेच आहेत ओळखीचे, त्यांनाही विचारते.